दोषाचा शोध

माझ्या टेबलावर, पेनांच्या पेल्याशेजारीं, कांचेचा एक अगदीं लहान दिवा पडलेला असतो. करंगळीच्या पेराहूनही तो आंखूड आहे. त्याचें बूड पांढऱ्या प्लॅस्टिकचें असून त्यांतून केंसासारख्या दोन तारा बाहेर आलेल्या आहेत. वह्या ठेवावयास येणारे विद्यार्थी त्याकडे पाहतात, आणि एखादा धीट विद्यार्थी विचारतो, "सर, हा बिघडलेला दिवा कशाला ठेवला आहे?" दिवा बिघडलेला नाहीं. त्याचा तंतु शाबूत आहे. योग्य दाबाची वीज दिली तर तो आजही उत्तम पेटेल. बिघडलें होतें तें निराळेंच. तें काय होतें हें सांगण्यासाठीं मी हा लेख लिहावयास बसलों आहें. आणि तो शाळेच्या वार्षिकांतच कां लिहीत आहें, याचें कारण वाचकांना शेवटीं कळेल.

आमची शाळा समुद्रापासून हांकेच्या अंतरावर आहे. सहामाही परीक्षा आटोपली, दिवाळीची सुटी संपली, कीं शाळेला नाताळचे वेध लागतात. हस्तकलेच्या तासाला कागदी चांदण्या तयार होऊं लागतात. गाण्याच्या वर्गांतून नाताळगीतांचे सूर ऐकूं येतात. चित्रकलेचे शिक्षक गवत, बांबू व गोणपाट जमवून ख्रिस्तजन्माचा गोठा उभारण्याच्या उद्योगाला लागतात. रोषणाईचें काम मात्र गेलीं कित्येक वर्षें माझ्याकडे आहे. विज्ञानाचा शिक्षक म्हटला कीं विजेचीं सर्व कामें त्याला यावयाचींच, अशी आमच्या शिक्षकवर्गाची ठाम समजूत आहे, आणि त्या समजुतीला धक्का देण्याचें धैर्य मला आजवर झालेलें नाहीं.

दिव्यांची आरास आपल्या लोकांना नवी नाहीं. पणत्यांच्या ओळी, आकाशकंदील आणि देवळापुढील दगडी दीपमाळा आपण पिढ्यान् पिढ्या पाहत आलों आहों. विजेच्या दिव्यांची माळ मात्र प्रथम नांवारूपास आली ती नाताळच्या झाडावर. त्यापूर्वीं पाश्चात्त्य देशांत लोक सूचिपर्णी झाडाच्या फांद्यांवर जळत्या मेणबत्त्या लावीत. वाळलेलें झाड आणि उघडी ज्योत यांची सोबत किती भयंकर, हें सांगावयास नकोच. १८८२ सालच्या डिसेंबर महिन्यांत एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन यानें न्यूयॉर्क येथील आपल्या घरीं झाडावर तांबडे, पांढरे व निळे असे विजेचे ८० दिवे लावले, आणि तें झाड संथपणें फिरत राहील अशीही योजना केली. आगीचें भय त्यामुळें पुष्कळ कमी झालें. पण त्याच्या जागीं एक नवी कटकट मनुष्याच्या मागें लागली. मेणबत्ती विझली तर ती एकटीच विझते, आणि कां विझली हें कोणालाही कळतें. विजेची माळ विझते तेव्हां सगळीच विझते, आणि कां विझली तें सांगत नाहीं.

या माळेचें शास्त्र येथें थोडक्यांत सांगितलें पाहिजे, कारण पुढची सर्व हकीकत त्यावर अवलंबून आहे. घरांतील दिवे समांतर जोडलेले असतात. प्रत्येकाला २३० व्होल्टचा पूर्ण दाब स्वतंत्रपणें मिळतो. स्वयंपाकघरांतला दिवा गेला म्हणून ओटीवरचा विझत नाहीं. जुन्या पद्धतीच्या माळेंतले दिवे एकसर, म्हणजे एकामागून एक असे जोडलेले असतात. चाळीस दिव्यांची माळ असली तर तो २३० व्होल्टचा दाब चाळीस जणांत वांटला जातो, आणि प्रत्येकाच्या वांट्यास पावणेसहा व्होल्ट येतात. वीज पहिल्या दिव्यांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत, अशी चालत जाते. वाटेंत कोठेंही खंड पडला कीं सर्वांना अंधार.

यावर कारागिरांनीं एक सुंदर तोड काढलेली आहे. अशा पुष्कळ दिव्यांच्या पोटांत, तंतूला धरणाऱ्या दोन तारांभोंवतीं, आणखी एक बारीक तार गुंडाळलेली असते. तिच्यावर विजेला अडविणारें पातळ पुट असतें. त्यामुळें तंतु शाबूत आहे तोंवर ती स्वस्थ असते. तंतु तुटला कीं साऱ्या माळेचा दाब त्या एका दिव्यावर येतो, तें पुट भेदलें जातें आणि ती बारीक तार प्रवाहाला वाट करून देते. तो दिवा स्वतः विझतो, पण इतरांना पेटलेलें ठेवतो. मात्र राहिलेल्यांवर भार वाढतो. चाळिसांपैकीं पांच गेले तर उरलेल्या पस्तिसांपैकीं प्रत्येकाला साडेसहा व्होल्टांहून अधिक दाब सोसावा लागतो. ते अधिक प्रखर जळतात आणि लौकर संपतात. म्हणून एक दिवा विझलेला दिसतांच तो बदलावा. सणाचे दिवस निघून जाऊं द्यावे आणि मग पाहूं, असें म्हणूं नये. परंतु दिवा आपल्या होल्डरांतून निसटूनच पडला, तर ही युक्ति चालत नाहीं. वाट तुटली ती तुटलीच.

वाट तुटणें हा दोषाचा एक प्रकार. दुसरा प्रकार याच्या नेमका उलट आहे: वाट चुकणें. तारेवरचें आवरण कोठें फाटलें, तेथें ओल लागली किंवा लोखंडाचा स्पर्श झाला, कीं विजेचा कांहीं अंश ठरलेला मार्ग सोडून जमिनीकडे पळूं लागतो. ही गळती ओळखून वीज तोडणारा एक खटका आतां बहुतेक ठिकाणीं मेन स्विचजवळ बसविलेला असतो. माणसांच्या रक्षणासाठीं जो बसवितात तो तीस मिलिअँपियर, म्हणजे एका अँपियरचा तीन-शतांश भाग एवढी गळती झाली तरी पडतो. पहिल्या प्रकारच्या दोषानें ती एकच माळ विझते आणि खटका जागचा हालत नाहीं. दुसऱ्या प्रकारच्या दोषानें खटका पडतो आणि सर्वच माळा विझतात. हा भेद मी दरवर्षीं वर्गांत फळ्यावर आकृति काढून शिकवितों. हें वाक्य वाचकांनीं कृपा करून लक्षांत ठेवावें.

२०२४ सालच्या डिसेंबरांतली गोष्ट. २० तारखेला सायंकाळीं सात वाजतां नाताळचा कार्यक्रम व्हावयाचा होता. १९ तारखेला दिवसभर खपून मीं अकरा माळा लावल्या. तीन जुन्या, तंतूच्या दिव्यांच्या; आठ नव्या, एल.ई.डी.च्या. कांहीं दर्शनी कमानीवर, कांहीं जांभ्याच्या गडग्यावर, आणि सर्वांत शोभिवंत त्या पटांगणांतल्या बदामाच्या झाडावर. या झाडाला दगडी पार आहे आणि पाराभोंवतीं लोखंडी कठडा आहे. तिन्हीसांजेला खटका वर केला तेव्हां सगळें पटांगण एकदम उजळलें. मुलांनीं टाळ्या वाजविल्या. फादर मुख्याध्यापक व्हरांड्यांत येऊन उभे राहिले व त्यांनीं मान डोलावली. त्या रात्रीं मी मोठ्या समाधानानें झोंपलों. पहांटे वारा सुटल्याचें मला झोपेंत जाणवलें होतें, पण मीं कूस बदलली.

दुसऱ्या दिवशीं पांच वाजतां, रंगीत तालीम चालली असतां, मीं खटका वर केला. तो तत्काळ खालीं पडला. पुन्हां वर केला, पुन्हां पडला. पटांगणांत सतरंज्या अंथरल्या जात होत्या, दोन तासांनीं पालक यावयाचे होते, आणि अकराच्या अकरा माळा निर्जीव होत्या. मी झाडापाशीं धांवत गेलों. सर्वांत खालच्या वेढ्यांत, लहान मुलाच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर, एका जुन्या माळेचा एक होल्डर रिकामा होता.

त्या क्षणीं मला आठवलें, कीं मधल्या सुटींत आठवींतला एक मुलगा मीं याच झाडाखालीं उभा असलेला पाहिला होता. त्याचें नांव मी येथें लिहीत नाहीं. शाळेंतील सर्वांना तें ठाऊक आहे. हा मुलगा तसा अबोल. पण कोठलीही वस्तु आंतून कशी आहे हें पाहिल्यावांचून त्याला चैन पडत नसे. एकदां त्यानें प्रयोगशाळेंतील बॅटरी खोलून तिच्या सुट्या भागांची बांकावर रांग लावून ठेवली होती, आणि त्याबद्दल माझीं बोलणीं खाल्लीं होतीं. देखाव्यांत त्याला सर्वांत लहान मेंढपाळाचें काम मिळालें होतें. खांद्यावर घोंगडी आणि हातांत कंदील घेऊन तो तालमीला उभा होता. मीं त्याला हांक मारली. तो आला. त्याची डावी मूठ मिटलेली होती.

"मूठ उघड," मी म्हणालों.

त्यानें उघडली. तळहातावर हा दिवा होता.

"सर, हा खालीं पडला होता. मी तुम्हांला द्यायला—"

"पुरे," मी म्हणालों. "झाडावरचे दिवे आपोआप पडत नाहींत. बॅटरी खोललीस, आतां साऱ्या शाळेची रोषणाई खोललीस. तुझें आजचें काम संपलें. घरीं जा."

तीस-चाळीस मुलें, दोन शिक्षिका आणि शिपाईमामा हें ऐकत होते. मुलगा कांहीं बोलला नाहीं. त्यानें तो दिवा पाराच्या कडेवर ठेवला, कंदील त्याच्या शेजारीं ठेवला, घोंगडीची नीट घडी केली, आणि तो फाटकाबाहेर गेला. त्याची घडी घालण्याची ती पद्धत मला पुढें पुष्कळ दिवस आठवत राहिली. रागावलेलें मूल वस्तु फेंकून जातें.

तो गेल्यावर शिपाईमामा हळूच म्हणाले, "सर, धूळ उडूं नये म्हणून मीं चार वाजतां पटांगणांत सडा मारला. झाडाच्या बुडाशीं, कठड्याशीं बरेंच पाणी पडलें. त्याचें तर कांहीं नसेल ना?"

त्यांना विजेचें शास्त्र ठाऊक नव्हतें. पण त्यांनीं आपण काय केलें हें आठवून पाहिलें होतें, आणि विचारल्यावांचून सांगितलें होतें. त्यांचे ते शब्द कानीं पडतांच माझ्या डोळ्यांपुढें माझ्याच हातची फळ्यावरची आकृति उभी राहिली. रिकामा होल्डर म्हणजे तुटलेली वाट. तुटलेल्या वाटेनें एक माळ विझेल. खटका कसा पडेल? खटका पडतो तो गळतीनें. त्या मुलानें दिवा काढला असें क्षणभर धरून चाललें, तरी अकरा माळा विझण्याशीं त्याचा सुतराम् संबंध नव्हता. नववींतला कोणताही मुलगा परीक्षेंत जें चुकला असतां मीं गुण कापले असते, तें मी स्वतः चार मिनिटांपूर्वीं भर पटांगणांत चुकलों होतों.

आतां मीं रीतसर शोध आरंभिला. प्रथम अकराही माळांचे प्लग काढले आणि खटका वर केला. तो टिकला, म्हणजे शाळेचें मूळ काम निर्दोष होतें. मग एकेक माळ लावीत गेलों. पहिली, दुसरी, तिसरी, कमान उजळली. चौथी, पांचवी, सहावी, गडगा उजळला. सातवी लावतांच खटका पडला. ती झाडावरची एक नवी माळ होती. तिचा प्लग काढून ठेवून मीं बाकीच्या चार लावून पाहिल्या. खटका पडला नाहीं. अनेक माळांत गळती कोठें आहे हें शोधण्याची याहून सोपी रीत नाहीं. तींत हुशारी लागत नाहीं. फक्त घाई टाळावी लागते.

सातव्या माळेवरून मीं बोटें फिरवीत नेलीं. प्लग हातांत घेऊनच हें काम करावें. कोणी खटका बंद ठेवील या भरंवशावर करूं नये. ज्या ठिकाणीं ती माळ पारावरून कठड्यावर उतरत होती तेथें बोट थांबलें. लोखंडी तारेचा एक आंवळ वेढा माळेच्या आवरणांत रुतला होता, आणि त्या खांचेंतून तांबें चमकत होतें. आदल्या दिवशीं तेथें पोंचेपर्यंत सुतळी संपली होती. दुकानांत माणूस पाठविण्याचा मला कंटाळा आला, आणि बांधकामावरून उरलेली बाइंडिंगची तार मीं पक्कडीनें पिळून बांधली होती. रात्रभर वाऱ्यानें माळ हालली, आवरण कांपलें गेलें, चार वाजतां कठडा व त्याखालची माती ओली झाली, आणि विजेला जमिनीची वाट सांपडली. कोरड्या कठड्याला आदल्या दिवशीं मुलें टेंकून उभीं होतीं. आज कोणी ओल्या जमिनीवर उभें राहून त्याला हात लावला असता, आणि तो खटका नसता, तर काय झालें असतें याचा विचार करतांना आजही अंगावर कांटा येतो. त्या खटक्याला मी तासाभरापूर्वीं शिव्या देत होतों. खटका बिघडला नव्हता. साऱ्या शाळेंत त्या वेळीं आपलें काम चोख करणारा तोच एक होता.

असें आवरण फाटलें असतां त्यावर चिकटपट्टी गुंडाळून वेळ मारून नेण्याचा मोह होतो. उघड्यावर, दंवांत आणि खाऱ्या वाऱ्यांत अशी पट्टी टिकत नाहीं. ती माळ मीं त्या दिवशीं वापरलीच नाहीं. ती गुंडाळून बाजूस ठेवली, लोखंडी तारेचे सारे वेढे कापून काढले आणि त्या जागीं सुतळी बांधविली.

राहिली ती जुनी माळ. पाराच्या कडेवरचा दिवा मीं उचलला आणि रिकाम्या होल्डरांत बसविला. हात काढतांच तो डळमळला, आणि फांदी किंचित् हालवितांच गळून खालीं पडला. मीं तो पुन्हां उचलून निरखून पाहिला. त्या माळेंतील इतर सर्व दिव्यांचीं बुडें हिरवीं होतीं. याचें पांढरें होतें, आणि जाडीला किंचित् कमी होतें. मग मला सगळें आठवलें. आदल्या दिवशीं दुपारीं या जागचा दिवा फुटलेला आढळला होता, आणि पेटीच्या तळाशीं दुसऱ्याच कुठल्या माळेंतला एक सुटा दिवा पडलेला होता. तो मींच अंगठ्यानें दाबून बसविला होता. तो सैल बसला हें मला तेव्हांही कळलें होतें. पण पेटला; आणि पेटला म्हणजे झालें, असें मीं मनाशीं म्हटलें होतें.

झाडावरचे दिवे आपोआप पडत नाहींत, असें मी म्हणालों होतों. पडतात. सैल बसविलेले पडतात.

हिरव्या बुडाचा दुसरा दिवा शोधून बसविला, तरी माळ पेटेना. अशा वेळीं बहुतेक लोक एका टोंकापासून दिवे उपसून पाहूं लागतात, आणि चाळिसांच्या माळेंत कधीं कधीं चाळिसावाच दोषी निघतो. त्यापेक्षां माळ अर्धी करीत जावी. प्लग काढून, रोध मोजणारा मीटर घेऊन, मीं प्रथम विसाव्या दिव्यापर्यंत वाट अखंड आहे कीं नाहीं तें पाहिलें. अखंड होती, म्हणजे दोष पुढच्या विसांत. तिसाव्यापर्यंत पाहिलें, खंड होता. पंचविसाव्यापर्यंत अखंड. अठ्ठाविसाव्यापर्यंत खंड, सत्ताविसाव्यापर्यंतही खंड, सव्विसाव्यापर्यंत अखंड. सहा चाचण्यांत सत्ताविसावा दिवा हातीं आला. त्याच्या बुडाशीं दुमडलेली एक तार खाऱ्या हवेनें गंजून तुटली होती. म्हणजे मुलाच्या हातांतला दिवा जागच्या जागीं असता, तरीही ती माळ त्या सायंकाळीं पेटली नसतीच.

पावणेसात वाजतां दहा माळा पेटल्या. पालकांना एक कमी आहे हें कळलें नाहीं. मुलाला बोलावून आणण्यासाठीं मीं एका मोठ्या विद्यार्थ्यास सायकलवर पाठविलें. पण त्याचें घर खाडीपलीकडे, आणि तो घरीं पोंचलाही नव्हता. कार्यक्रम ठरल्याप्रमाणें पार पडला. देवदूत आले, ज्ञानी पुरुष आले, मेंढपाळ आले. मेंढपाळ तिघांऐवजीं दोघेच होते, आणि कंदील पारावरच राहिला होता. तो उचलून कोणाच्या हातीं द्यावा असें मला वाटलें नाहीं. सर्व पटांगण लखलखत होतें, लोक रोषणाईची वाखाणणी करीत होते, आणि मी मेन स्विचच्या खोलींत दार लोटून उभा होतों.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी त्याच्या घरीं गेलों. त्याची आई अंगण झाडीत होती. मला पाहतांच ती गोंधळली आणि म्हणाली, "सर, काल त्यानें कांहीं केलें का? आल्यापासून बोलला नाहीं, जेवला नाहीं." म्हणजे त्यानें घरीं कांहींच सांगितलें नव्हतें. मीं त्या माउलीसमक्ष, त्याच्यासमोर, सर्व हकीकत सांगितली, दिवा मींच सैल बसविला होता हें सांगितलें, आणि त्याची क्षमा मागितली. तो खालीं मान घालून ऐकत होता. माझें बोलणें संपल्यावर त्यानें विचारलें, "सर, मग खटका कशानें पडत होता?"

त्या प्रश्नानें माझा जीव भांड्यांत पडला. आम्ही दोघे ओट्यावर बसलों, आणि पाटीवर आकृति काढून मीं त्याला तुटलेली वाट व चुकलेली वाट यांतील भेद समजावून सांगितला. तो त्यानें एका दमांत आत्मसात् केला. मग थोडा वेळ थांबून तो म्हणाला, "म्हणजे मीं दिवा काढला असता, तरी खटका पडला नसता." मी म्हणालों, "नसता." एवढेंच तो त्या विषयावर बोलला.

जानेवारींत शाळा उघडली तेव्हां प्रार्थनेच्या वेळीं सर्व विद्यार्थ्यांपुढें मीं माझी चूक सांगितली. कित्येकांना वाटलें, एवढ्यावर प्रकरण मिटलें. मला तसें वाटलें नाहीं. बोललेला शब्द वाऱ्यावर जातो हें खरें. पण आरोपाचा शब्द क्षमेच्या शब्दापेक्षां दूर जातो. त्या सायंकाळीं तेथें असलेलीं कांहीं मुलें दहावी होऊन शाळेबाहेर पडलीं. त्यांच्या मनांत तो मुलगा अजून रोषणाई बिघडविणाराच असेल. हें वार्षिक माजी विद्यार्थ्यांच्या घरीं जातें. म्हणून ही हकीकत मी येथें छापावयास देत आहें. त्या मुलाची व त्याच्या आईची संमति मीं घेतली आहे.

२०२५ सालच्या नाताळांत रोषणाईच्या कामावर माझ्याबरोबर तोच होता. त्यानें एक लहान वही केली आहे. तींत प्रत्येक माळेला क्रमांक दिला आहे, आणि कोणत्या दिवशीं कोणता दिवा बदलला, कोठें गांठ मारली, कोणी मारली, तें लिहून ठेवलें आहे. माळा पेटींत ठेवण्यापूर्वीं त्या पुसून, कोरड्या करून, पुठ्ठ्यावर गुंडाळाव्या, ही सूचनाही त्याचीच. जोडणीचीं ठिकाणें फांदीच्या बेचक्यांत, जेथें दंव सांचतें, तेथें न ठेवतां खालच्या बाजूस लोंबतीं ठेवावीं, म्हणजे पाणी निथळून जातें, हें मीं त्याला सांगितलें. आणि सुतळीची गुंडी आदल्या दिवशींच आणून ठेवावी, हें त्यानें मला सांगितलें. बदामाच्या झाडावरून उतरतांना तो कठड्यापाशीं थांबला, माळ व लोखंड यांत चार बोटांचें अंतर आहे कीं नाहीं तें त्यानें हातानें मोजून पाहिलें, आणि मग खालीं आला.

एक माळ यंदाही पेटली नाहीं. झाडाखालीं पांचवी-सहावींतलीं मुलें घोटाळत होतीं, आणि संवयीनें माझी नजर त्यांच्याकडे वळली. तेवढ्यांत तो वही उघडून म्हणाला, "सर, हिला काल शेवटीं हात आपणच लावला होता. आधीं तें पाहूं या." प्लग पुरता आंत गेला नव्हता. तो कालं मींच लावला होता.

इतरांच्या डोळ्यांतलें कुसळ आणि आपल्या डोळ्यांतलें मुसळ, हा धडा आमच्या शाळेंत पहिलीपासून शिकवितात. तो मला या वयांत दिव्यांच्या माळेकडून पुन्हां शिकावा लागला. माळ विझली असतां मी आतां झाडाखालीं कोण उभें होतें हें पाहत नाहीं. प्रथम प्लग काढतों, आणि आपण शेवटचें काय केलें तें आठवतों.

पांढऱ्या बुडाचा तो दिवा आमच्याकडील कोणत्याही माळेंत नीट बसत नाहीं. म्हणून तो माझ्या टेबलावर आहे.